बुडालेली आगबोट शोधायची तर आधी नदी शोधा

अमेरिकेतल्या मिसूरी नदीत एकोणिसाव्या शतकात बुडालेली एखादी आगबोट शोधायला निघालात, तर होडी भाड्याने घेऊ नका. गमबूट घ्या. त्या बोटींपैकी बऱ्याच आज मक्याच्या नाहीतर सोयाबीनच्या शेताखाली गाडलेल्या आहेत आणि नदी तिथून कधीच बाजूला सरकली आहे. 'अरेबिया' ५ सप्टेंबर १८५६ रोजी पार्कव्हिल गावाच्या खालच्या अंगाला भर पाण्यात बुडाली. १९८७ साली ती सापडली कॅन्ससमधल्या एका शेतात, ४५ फूट खोल, आजच्या पात्रापासून अर्धा मैल लांब. मिसिसिपीवरची 'सुलताना' २७ एप्रिल १८६५च्या पहाटे मेम्फिसच्या वर बॉयलर फुटून जळाली. तिचे मानले जाणारे अवशेष १९८२ साली आर्कान्साच्या बाजूला सोयाबीनच्या शेताखाली सापडले.

अमेरिकन लष्कराचे इंजिनिअर हायरम चिटेंडन यांनी १८९७ साली मिसूरीत बुडालेल्या बोटींची यादी केली. ती जवळपास तीनशेवर गेली. त्यांतल्या उकरून काढलेल्या खरोखरच बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बाकीच्या आहेत तिथेच आहेत. त्यांचा माग कसा काढायचा, हे पुढे क्रमाने सांगतो. यातलं बहुतेक काम पुण्यात किंवा डोंबिवलीत बसून होतं, कारण ते कागदांचं आणि नकाशांचं आहे. शेतात उतरायची पाळी शेवटी येते, आणि ती आली नाही तरी बिघडत नाही.

बोट का बुडाली, हे आधी नीट समजून घ्या

चिटेंडन यांच्या यादीतल्या सुमारे दोन-तृतीयांश बोटी एकाच कारणाने गेल्या: पात्रात रुतलेली झाडं. मिसूरी आपले काठ खाते. काठावरचं झाड मुळासकट पाण्यात पडतं, मुळांना चिकटलेल्या मातीच्या वजनाने बुंधा तळाशी बसतो आणि गाळात पक्का होतो. प्रवाह फांद्या झोडपून काढतो. उरतं ते टोकदार खोड, पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली, आणि त्याचं टोक असतं प्रवाहाच्या दिशेला. म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणारी बोट थेट त्या टोकावर जाते. तिचा तळ सपाट आणि फळ्यांचा असतो, कारण उथळ पाण्यातून जायचं असतं. एक भोक पडलं की काही मिनिटांत काम तमाम.

हेन्री श्रीव्ह याने १८२९ साली 'हेलिओपोलिस' ही खोडं उपटणारी खास वाफेची बोट पाण्यात आणली, पण मिसूरीत नवी झाडं रोजच पडत होती. या नदीवरच्या बोटीचं सरासरी आयुष्य जेमतेम पाच वर्षांचं धरत. मालक तो हिशेब करूनच बोट बांधत.

शोधाच्या दृष्टीने यातून कामाची गोष्ट एवढीच. खोडाने बुडालेली बोट बहुधा अख्खी बसते आणि मालासकट गाळात जाते. आगीत गेलेली बोट पाण्याच्या रेषेपर्यंत जळते. बॉयलर फुटलेली बोट फुटल्या जागी थांबत नाही. 'सुलताना' जळत जळत प्रवाहाबरोबर खाली वाहत गेली. त्यामुळे पहिल्याच प्रयत्नाला बोट निवडायची असेल तर खोडाने बुडालेली, मालाने भरलेली आणि वर चढणारी निवडा.

नावावर विसंबू नका

बोटींची नावं ठेवण्यात त्या काळी फारसं कोणी डोकं चालवत नव्हतं. एकच नाव पाच-पाच बोटींना. १८६५ साली जळालेली 'सुलताना' ही त्या नावाची पाचवी बोट होती. म्हणून पहिलं काम: तुमची बोट नेमकी कोणती, हे ठरवा. विल्यम लिटल यांनी सुरू केलेली अमेरिकन व्यापारी आगबोटींची यादी १७९० ते १८६८ हा काळ व्यापते. तीत बोट कुठे बांधली, कोणत्या वर्षी, किती टनांची, चाकं बगलेला की मागे, आणि शेवट कसा झाला, एवढं एका ओळीत मिळतं. पुढचा तपशील बोटीच्या सरकारी नोंदणीपत्रात असतो, आणि ही पत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात लांबी, रुंदी, खोली आणि मालकांची नावं असतात. बोट गेली की हे पत्र परत करावं लागे आणि परत करण्याचं कारण त्यावर लिहिलं जाई.

लांबी-रुंदी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. 'अरेबिया' १७१ फूट होती, आणि मिसूरीतच १८६५ साली बुडालेली 'बर्ट्रांड' १६१ फूट. पुढे जमिनीत लागलेली वस्तू आपलीच बोट आहे की दुसरीच कोणती, हे याच आकड्यावरून ठरतं.

वर्तमानपत्रं वाचायची रीत

लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या संग्रहात मोफत ठेवली आहेत. बोटीचं नाव आणि 'खोड', 'बुडाली' यांचे इंग्रजी शब्द एकत्र घालून शोधा. पण छपाई पुसट असल्यामुळे यंत्राने अक्षरं चुकीची ओळखलेली असतात. म्हणून बुडाल्याच्या तारखेपासून पुढच्या तीन आठवड्यांचे अंक पानोपानी डोळ्यांखालून घाला. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

तीन गोष्टींची सवय लावून घ्या. त्या काळची वर्तमानपत्रं एकमेकांच्या बातम्या जशाच्या तशा उचलत. दहा अंकांत तीच वाक्यं दिसली तर ते दहा साक्षीदार नव्हेत, एकच आहे. दुसरं, अंतर. 'पार्कव्हिलच्या खाली एक मैल' म्हणजे बोट जाते त्या वळणावळणाच्या वाटेने एक मैल. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेला मैल निराळा. तिसरं, बोट बुडायच्या आधीच्या बातम्याही वाचा. 'अरेबिया'चं नाव मार्च १८५६ मध्येच गाजलं होतं. गुलामगिरीविरोधी वसाहतवाल्यांसाठी निघालेल्या शार्प्स रायफली तिच्यावर पकडल्या गेल्या होत्या. अशा बातम्यांतून बोट कोणत्या धक्क्यांवर थांबे, काय वाहून नेई, हे कळत जातं.

आणि खजिन्याच्या गप्पांना भुलू नका. 'अरेबिया'वर व्हिस्कीची ४०० पिंपं होती अशी वदंता होती. त्या आशेने १८७७ आणि १८९७ साली दोनदा खोदूनही झालं. १९८८-८९च्या हिवाळ्यात बोट पूर्ण उघडी केली तेव्हा व्हिस्कीचा पत्ता नव्हता. 'बर्ट्रांड'बद्दल पारा आणि सोन्याच्या कथा होत्या. हाती लागला तो थोडासा पारा. बाकीचा बुडाल्यानंतर लगेचच काढून नेला असावा, असं मानतात. विमा कंपन्या आणि मालक मूर्ख नव्हते. ज्याची किंमत होती आणि जे हाताला लागत होतं, ते त्यांनी सोडलं नाही. तेव्हा बातमीत 'बोट बुडाली' वाचून थांबू नका. पुढचे अंक बघा. बॉयलर काढले का, इंजिन दुसऱ्या बोटीत बसवलं का, माल लिलावात विकला का. इंजिनं बोटीपेक्षा जास्त जगत आणि एकाच इंजिनाने दोन-तीन बोटी चालवलेल्या सापडतात. इंजिन निघालं असेल तर जमिनीखाली लोखंड कमी उरलं आणि पुढे यंत्राने शोधणं तेवढंच अवघड झालं.

आता नदी शोधा

सगळ्या कामाचा कणा हा. बोट बुडाल्यावर हलत नाही, नदी हलते. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: अमुक साली, अमुक महिन्यात नदीची मुख्य धार नेमकी कुठून वाहत होती?

अमेरिकेच्या पश्चिमेकडची जमीन सरकारने चौकटी पाडून मोजली. सहा मैल गुणिले सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. या मोजणीचे मूळ नकाशे जनरल लँड ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. मोजणीदार नदीकाठाने साखळी घेऊन चालत आणि काठाची प्रत्येक मोड नोंदवत. कॅन्ससमध्ये ही मोजणी १८५०च्या दशकात झाली, म्हणजे 'अरेबिया'च्या वेळच्या नदीचं जवळजवळ छायाचित्रच. पण सावध राहा. समोरच्या मिसूरी राज्यातल्या काठाची मोजणी त्याच्या आधीची आहे. दोन्ही काठांचे नकाशे एकमेकांना जोडून नदीची रुंदी काढलीत तर मधल्या वर्षांतली सगळी झीज आणि भर तुमच्या हिशेबात शिरेल. प्रत्येक काठावर मोजणीचं वर्ष लिहा आणि मगच पुढे जा.

हे नकाशे आजच्या नकाशावर बसवायला क्यूजीआयएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यातलं जिओरेफरन्सर, म्हणजे जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवणारं साधन, वापरा. जुन्या नकाशावर ओळखीचे बिंदू लागतात. इथे अमेरिकन चौकटीचा फायदा होतो: सेक्शनच्या रेषांवरून आजही गावरस्ते जातात. जुन्या नकाशावरचा सेक्शनचा कोपरा आणि उपग्रहचित्रातला रस्त्यांचा चौक, असे निदान सहा-सात बिंदू घ्या, नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेले. काठावरची झाडं, धक्के, बेटं यांना बिंदू म्हणून हात लावू नका. तीच तर हललेली असतात.

दुसरा थर मिसूरी रिव्हर कमिशनच्या नकाशांचा. ते १८९०च्या दशकात छापले. तिसरा थर लायडारचा, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेली जमिनीची उंची. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण ती मोफत देतं. सपाट दिसणाऱ्या शेतात जुन्या वळणांच्या कमानी त्यात एकामागे एक उमटतात. पेरणीच्या आधीची उपग्रहचित्रंही बघा. जुन्या पात्रातली माती ओल धरून राहते, त्यामुळे पट्टा गडद दिसतो.

चौथा थर कुणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे राज्यांच्या सीमा. नदी हळूहळू सरकली तर सीमा तिच्याबरोबर सरकते. एका पुरात नदीने एकदम वाट बदलली तर सीमा जुन्या पात्रातच राहते. असा तिथला कायदा आहे. १८७७ साली ओमाहाजवळ मिसूरीने एक वळण तोडलं. १८९२ साली नेब्रास्का आणि आयोवा यांच्यातल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सीमा जुन्या पात्रावर कायम केली. म्हणून कार्टर लेक हे आयोवाचं गाव आज नदीच्या नेब्रास्काकडच्या बाजूला आहे. गूगल मॅपवर सीमारेषा पाणी सोडून कोरड्या शेतात वळसा घेताना दिसली की थांबा. तिथे एकेकाळी नदी वाहत होती.

एवढे थर एकावर एक ठेवले की बुडाल्याच्या वर्षाची धार अंदाजाने आखता येते. वळणावर मुख्य धार आणि खोल पाणी बाहेरच्या काठाला असतं, आतल्या अंगाला वाळू साचते. बोटी बाहेरची बाजू धरत, आणि काठ खचून झाडं पडत तीही तिथेच. तेव्हा शोधाचा पट्टा वळणाच्या बाहेरच्या कडेला आखा, बातमीतल्या अंतराच्या वरखाली थोडी मोकळी जागा ठेवून. शंभर एकरांत काम आटोपत असेल तर घरातला भाग चांगला झाला म्हणायचा.

परवानगी

हा भाग थोडक्यात, पण टाळता येत नाही. शेत खासगी असेल तर मालकाशी लेखी करार, आणि काही निघालं तर ते कोणाचं हे त्यात आधीच लिहिलेलं हवं. सध्याच्या नदीच्या किंवा तळ्याच्या तळात रुतलेली बेवारस बोट १९८७च्या कायद्याने बहुतेक वेळा राज्याच्या मालकीची ठरते. केंद्र सरकारची जमीन असेल तर केंद्राची. 'बर्ट्रांड' सरकारी अभयारण्यात सापडली आणि तिचा जवळजवळ सगळा माल सरकारकडे गेला. कायद्याच्या कागदावर सही व्हायच्या आधी शेतात यंत्र घेऊन पाऊल टाकू नका. शेतकऱ्याला हंगाम विचारा. पीक उभं असताना कोणी येऊ देणार नाही, आणि देऊही नये.

मॅग्नेटोमीटर घेऊन चालणं

मॅग्नेटोमीटर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. ते साधारण ५० हजार नॅनोटेस्ला असतं आणि खाली लोखंड असेल तर त्यात बारीकसा चढउतार दिसतो. बॉयलर, इंजिन, चाकांचे दांडे, नांगर, मालातली हत्यारं, सगळं त्यात धरलं जातं. पण अंतर दुप्पट झालं की ही खूण आठपट फिकी होते. ४५ फुटांवरची बोट हाती लागते ती तिच्यात टनावारी लोखंड आहे म्हणून.

शेतात दोरी ताणून समांतर रेषा आखा, दोन रेषांत दहा मीटर अंतर पुरेसं आहे. एकाच चालीने चाला. बेल्टचं बकल, किल्ल्या, मोबाइल, स्टीलच्या टाचेचे बूट गाडीत ठेवा आणि गाडीही लांब ठेवा. तारेचं कुंपण, पंपाचा पाइप, जमिनीखालची केबल यांच्या जागा आधी नकाशावर मांडा, नाहीतर दिवसभर कुंपणच मोजत बसाल. पृथ्वीचं क्षेत्र दिवसभरात आपोआपही बदलतं, म्हणून एक यंत्र एका जागी ठेवून त्याच्या नोंदी वजा करायच्या असतात. दुसरं यंत्र नसेल तर ठरलेल्या खुंटीवर दर अर्ध्या तासाने परत येऊन आकडा लिहा.

मग आकड्यांचा नकाशा काढा. एक टोकदार उंचवटा दिसला तर बहुधा नांगराचा फाळ. शंभर-दीडशे फुटांचा, लांबट, कडेला पसरलेला चढउतार दिसला आणि त्याची दिशा जुन्या धारेशी जुळली, तर वहीतलं पहिलं पान काढा.

छिद्रं पाडून खात्री

यापुढे खर्च वाढतो. गाळात गिरमिटाने छिद्रं पाडून खालून काय येतं ते बघायचं. बारीक वाळू, मग जाड वाळू, मग गोटे, आणि मध्येच लाकडाचा कीस. पात्रात गाडलेली झाडं असतातच, त्यामुळे एका किसावर नाचू नका. ओळीने छिद्रं पाडा. लाकूड कुठे लागतं, कुठे थांबतं, यावरून बोटीची कडा कागदावर उमटते. लांबी नोंदणीपत्राशी जुळली तर बोट सापडली. 'अरेबिया' अशीच पक्की केली: आधी जुने नकाशे, मग मॅग्नेटोमीटर, मग छिद्रांनी आखलेला आराखडा.

खणायचं का?

माझं मत विचाराल तर नाही. इथवर आलात की जागा, आराखडा आणि कागद राज्याच्या इतिहास संस्थेकडे द्या. खणण्याचा खटाटोप काय असतो, हे 'अरेबिया'वरून दिसतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये, पीक निघाल्यावर, काम सुरू झालं. फक्त पाणी उपसायलाच बोटीभोवती २० विहिरी पाडल्या आणि मिनिटाला २० हजार गॅलन, म्हणजे सुमारे ७५ हजार लिटर पाणी बाहेर फेकलं. जुनी धार शेताखालून अजून वाहतच असते. पंप थांबले की खड्डा भरला.

आणि खरं काम वस्तू बाहेर आल्यावर सुरू होतं. ऑक्सिजन नसलेल्या गाळात लाकूड, चामडं, लोकर, रेशीम टिकतं. सुती मात्र विरघळून जातं. त्यामुळे 'अरेबिया'तल्या लोकरी कपड्यांचं कापड शाबूत, पण सुती शिवण गेलेली, बाह्या एकीकडे आणि पाठ दुसरीकडे. ते पुन्हा शिवून उभे करावे लागले. लाकूड हवेवर सोडलं तर सुकताना तडकतं, म्हणून पॉलिएथिलिन ग्लायकॉलच्या द्रावणात महिनोन्‌महिने ठेवावं लागतं. सुमारे २०० टन मालाची ही सेवा तीन दशकांनंतरही संपलेली नव्हती. 'बर्ट्रांड'च्या बाबतीत माल काढून सांगाडा जागेवरच पाण्याखाली ठेवला, ते शहाणपणाचं झालं. ओक्लाहोमात रेड नदीत १८३८च्या मे महिन्यात बुडालेली 'हिरॉइन' १९९०च्या पुराने उघडी पडली. तिच्यावर इतिहास संस्था आणि विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी कित्येक हंगाम काम केलं. आगबोटींच्या तपासणीचा पहिला अमेरिकन कायदा त्याच वर्षी जुलैत झाला, त्यामुळे 'हिरॉइन' कायद्याआधीची बोट कशी बांधत, याचा दुर्मीळ पुरावा ठरली.

कॅन्सस सिटीचं 'अरेबिया' संग्रहालय १९९१ साली उघडलं. तिकडे राहणाऱ्या किंवा मुलांकडे जाणाऱ्या मंडळींनी ते चालू असल्याची खात्री करून जरूर जावं. तिथे बोट फोडणारं अक्रोडाचं खोड आहे आणि एका खेचराचा सांगाडा आहे. बुडताना १३० उतारू वाचले, मेलं ते एवढं एकच. मालकाने सांगितलं होतं की आपण त्याला सोडवायला गेलो, पण ते हटूनच बसलं. १३२ वर्षांनी खेचर निघालं ते बांधलेलंच. 'बर्ट्रांड'चा माल आयोवात डिसोटो अभयारण्याच्या केंद्रात आहे. लोणच्याच्या, मोहरीच्या बाटल्यांच्या रांगा बघून पश्चिमेच्या नव्या वस्त्यांतल्या खाणकामगारांच्या जेवणाची कल्पना येते.

मुंबईतून सुरुवात करायची असेल तर

अमेरिकन नद्यांशी नातं नसलेल्यांसाठी एक धागा इथलाच आहे. हिंदुस्थानला जवळची वाट शोधायला फ्रान्सिस चेस्नी या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली १८३० च्या दशकात युफ्रेटिस मोहीम निघाली. 'युफ्रेटिस' आणि 'टायग्रिस' या दोन लोखंडी आगबोटी सुट्या भागांत सीरियाच्या किनाऱ्यावरून युफ्रेटिस नदीकाठच्या बिरेजिकपर्यंत ओढत नेऊन जोडल्या. २१ मे १८३६ रोजी अचानक उठलेल्या वादळात 'टायग्रिस' उलटून बुडाली आणि वीसेक माणसं गेली. मोहिमेत मुंबईच्या इंडियन नेव्हीतला हेन्री ब्लॉस लिंच हा अधिकारी होता. त्याचा भाऊ त्या दिवशी बुडाला.

इंडियन नेव्हीचं ठाणं मुंबईत होतं. मुंबई सरकारच्या दप्तराचा मोठा साठा काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात आहे. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज घेऊन जा, मरीन खात्याच्या खंडांची सूची मागा आणि १८३६ ते १८४० ही वर्षं आधी बघा. आखाती भागाबद्दलचे इंडिया ऑफिसचे कागद कतार डिजिटल लायब्ररीवर घरूनही चाळता येतात. पत्रातली जागांची नावं अरबी उच्चाराची इंग्रजी स्पेलिंगं आहेत, एकाच गावाची तीन-तीन. त्यांचा तक्ता करत जा. आणि युफ्रेटिसच्या त्या वेळच्या धारेचे नकाशे मोहिमेच्या मोजणीतच आहेत. ते आधी काढून ठेवा.